झूलॉजीत प्राध्यापक व्हायचंय? आधी तुमचा प्राणी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात शिकताय आणि पुढे विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात बी.एड. करून मोकळी हो, कॉलेजातले सर म्हणतात नेटला, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला, बस. तुम्हाला हवंय ते हे, की झूलॉजीच्या प्राध्यापकाचं आयुष्य असतं कसं, तिथवर पोचायला किती वर्षं लागतात आणि या वाटेला लागावं की नाही.

मी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात शिकवते. त्याआधी अनुदानित कॉलेजात होते, त्याच्याही आधी तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण ज्याला सीएचबी म्हणतो त्यावर. माझा अभ्यास गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा. त्यामुळे पुढची बरीचशी उदाहरणं खेकड्यांचीच येतील. तुमचा प्राणी वेगळा असला तरी हिशोब तोच आहे.

तुमचा खरा पेच नेट की बी.एड. हा नाही, असं मला वाटतं. नेटची तयारी कशी करायची हे सांगणारे क्लास आणि व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. पीएच.डी. संपल्यापासून कायमची ऑर्डर हातात पडेपर्यंतच्या काळाबद्दल मात्र कुणी धड बोलत नाही, आणि हुशार मुलं गळतात ती तिथेच. त्या काळात तुमच्याकडे स्वतःचा म्हणावा असा एक प्राणिगट, त्यातला एक प्रश्न आणि जवळपासची एक जागा असेल, तर तुम्ही टिकता आणि पुढे वाढताही. ते नसेल तर नेट, पीएच.डी. सगळं असूनही दरवर्षी जूनमध्ये फायली घेऊन कॉलेजं पालथी घालणं एवढंच हाती राहतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. घरात दुसरं कमावणारं कुणी आहे का, पुढच्या दोन-तीन वर्षांत तुमच्या पगाराची घराला गरज आहे का, गाव सोडून राहता येईल का, लग्नाचा विषय कुठवर आलाय, तुमचा प्रवर्ग कोणता (कारण जागा बिंदुनामावलीप्रमाणे, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमाने, भरल्या जातात). या उत्तरांवर सल्ला बदलतो. घराला लवकर पैसे हवे असतील तर बी.एड. हा शहाणपणाचा मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही. अकरावी-बारावीच्या जागेसाठी एम.एस्सी.सोबत बी.एड. लागतंच, आणि बी.एड. केल्याने नेटची दारं बंद होत नाहीत. ज्युनिअर कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. करून पुढे सीनिअरला गेलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. वर्षं जास्त लागतात, पण घर चालतं.

आता पात्रतेचं पटकन सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नेटमध्ये झूलॉजी हा विषय नाही. आपल्याला सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेची नेट द्यावी लागते, विषय लाइफ सायन्सेस. पेपर २०० गुणांचा, वेळ ३ तास. त्यातला शेवटचा भाग क हा खरा निकाल ठरवतो. ७५ प्रश्नांपैकी कोणतेही २५ सोडवायचे आणि गुण १००. आपल्या झूलॉजीच्या मुलांची अडचण अशी होते की अभ्यासक्रमात जैवरसायन, रेणवीय जीवशास्त्र, अगदी वनस्पतींची शरीरक्रियाही असते आणि ते पाहूनच धीर सुटतो. पण भाग क मध्ये निवडायला भरपूर वाव आहे. परिसंस्थाशास्त्र, उत्क्रांती, प्राण्यांचं वर्तन आणि विकासात्मक जीवशास्त्र ही आपली घरची युनिट्स आहेत. ती पक्की करा, एखादं परकं युनिट निवडून त्यावर मेहनत घ्या, बाकीचं सोडून दिलं तरी चालतं. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ या वरच्या पायरीला ४२,००० मिळतात. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत.

दुसरी परीक्षा सेट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सेटवर या दोन राज्यांत सहायक प्राध्यापक होता येतं, पण फेलोशिप मिळत नाही. दोन्ही द्या. २०१८ च्या यूजीसी नियमावलीत विद्यापीठ विभागातल्या भरतीला पीएच.डी. सक्तीची केली होती. २०२३ मध्ये ती अट काढली, आता नेट किंवा सेट ही किमान पात्रता. कागदावर तसं असलं तरी मुलाखतीला समोर बसलेल्या बहुतेक उमेदवारांकडे पीएच.डी. असते, आणि विद्यापीठ विभागात तर ती असणारच असं धरून चाला.

आता मुख्य मुद्दा, पीएच.डी.चा विषय. आपल्याकडे अजूनही एक ठरलेला साचा आहे: अमुक कीटकनाशकाचा तमुक माशाच्या यकृतावर होणारा परिणाम. मासा बाजारातून आणायचा, टाकीत ठेवायचा, मात्रा द्यायची, किती मेले ते मोजायचं, यकृताचे छेद घ्यायचे, तक्ते काढायचे. एकेकाळी या कामाला अर्थ होता. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या विभागांनी बॅरिटेल्फुसा या आपल्या ओढ्या-शेतातल्या खेकड्यावर शरीरक्रियेचं आणि विषबाधेचं पुष्कळ काम केलं, आणि त्यातून शिकवणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. पण आज तोच साचा रसायनाचं नाव बदलून वापरला, तर पाच वर्षांनी तुम्हाला ना तो मासा नीट कळलेला असतो, ना ते रसायन. प्रबंध बांधून झाला की त्या विषयात पुढे करायला काही उरत नाही. सीएचबीच्या वर्षांत ना टाकी असते ना रसायनं, म्हणून संशोधन तिथेच थांबतं.

याउलट एक प्राणिगट धरला की काय होतं ते खेकड्यांवरून दाखवते. समुद्रातल्या खेकड्याच्या अंड्यातून झोइआ नावाची अळी बाहेर पडते आणि पाण्यासोबत दूरवर तरंगत जाते. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची रीत वेगळी. मादी मोजकीच पण मोठी, बलकाने भरलेली अंडी पोटाखाली धरते आणि त्यातून थेट छोटे छोटे खेकडेच बाहेर येतात. अळीची अवस्थाच नाही, त्यामुळे दूर पसरायचा मार्गही नाही. एका सड्यावरचा, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावरचा, खेकडा मधली खोल दरी ओलांडून पलीकडच्या सड्यावर सहज जात नाही. अशी लाखो वर्षं गेली की दोन डोंगरांवर दोन वेगळ्या जाती तयार होतात. म्हणूनच सह्याद्रीत एवढ्याशा भागात इतके वेगवेगळे खेकडे आहेत, आणि त्यातले अनेक त्या एका जागेपलीकडे कुठेच सापडत नाहीत.

आपल्या नेहमीच्या बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिसचं शास्त्रीय वर्णन १८३६ मध्ये झालं, कर्नल साइक्स यांनी दख्खनमध्ये जमवलेल्या खेकड्यांवरून. पण घाटियाना हा सह्याद्रीतला अख्खा वंश विज्ञानाच्या नोंदीत आला तो २०१४ मध्ये, आणि त्यानंतर त्यात नव्या जातींची भर पडतच आहे. जांभळे, नारिंगी, पांढुरके असे हे खेकडे जांभ्याच्या भेगांत आणि झाडांच्या ढोलींत राहतात. गावच्या लोकांनी ते पिढ्यानपिढ्या पाहिलेले होते. शास्त्रज्ञ त्या ढोलीपर्यंत उशिरा पोचले, एवढंच. २००९ मध्ये जगभरातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या निकषांवर आढावा घेतला गेला, तेव्हा जवळपास निम्म्या जातींबद्दल धोका ठरवण्याइतकीही माहिती नव्हती. म्हणजे तुमच्या तालुक्यात बसून जगाला उपयोगी पडेल असं काम करायला वाव आहे, आणि त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र लागत नाही.

जात ओळखायची कशी, तेही सांगते. खेकडा उलटा करायचा. पोटाची जी पट्टी छातीखाली दुमडलेली दिसते ती नरात अरुंद असते, मादीत रुंद. नराची पट्टी चिमट्याने हलकेच उचलली की आत दोन बारीक काड्यांसारखे अवयव दिसतात. ते पहिलं गोनोपॉड. रंग, आकार, नांग्या यांवर भरवसा ठेवता येत नाही, एकाच जातीत ते बदलतात. पण या गोनोपॉडचं टोक कसं वळलंय, शेवटचा खंड लांब आहे की आखूड, टोकदार आहे की बोथट, यावर जात ठरते. हे पाहायला साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप पुरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थिनीला सगळी टोकं सारखीच वाटतात. तिच्याकडून पुन्हा पुन्हा चित्रं काढून घ्यावी लागतात. मोबाइलवरचा फोटो चालत नाही, पेन्सिलनेच काढायची. हळूहळू एक दिवस ती स्वतःहून म्हणते, मॅडम, हा त्या बरणीतला नाही.

नमुना घेताना चालण्याच्या पायातला थोडा स्नायू शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा. फॉर्मेलिनमध्ये टाकलेल्या नमुन्यातून डीएनए मिळवताना नाकी नऊ येतात. डीएनएचा क्रम काढण्यासाठी यंत्र विभागात असण्याची गरज नाही, नमुने बाहेर पाठवून करून घेता येतात. लेबल जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकायचं: जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी पकडला. बाहेर चिकटवलेलं लेबल अल्कोहोल सांडून पुसलं जातं आणि मग तो खेकडा कितीही दुर्मीळ असला तरी विज्ञानाच्या दृष्टीने कुचकामी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही प्राणी उचलायचा नाही, इतर वनजमिनीवरही वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. नवी जात सापडली तर जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे तिचा नमुना मान्यताप्राप्त राष्ट्रीय संग्रहात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, हा त्यांपैकी एक. त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. एम.एस्सी.त असतानाच एकदा तिथला संग्रह पाहून या.

आणि स्थानिक माणसांकडून शिका. पहिल्या पावसात मुठे, म्हणजे खेकडे, पकडायला निघणारे लोक कोणत्या ओहोळात काय मिळतं हे आपल्याहून चांगलं जाणतात. बिळाच्या तोंडाशी पडलेली ओली माती पाहून आत खेकडा आहे की बीळ रिकामं, हे मला कातकरी बायकांनी दाखवलं. शोधनिबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानायचे त्यांत ही माणसं आलीच पाहिजेत.

अशा कामातली एक खरी अडचणही सांगते. वर्गीकरणाच्या शोधनिबंधांना उद्धरणं, म्हणजे इतरांच्या निबंधांत येणारे संदर्भ, कमी मिळतात, त्यामुळे निवड समितीपुढे गुण मोजताना ते फिके वाटतात. २०२० मध्ये तर झूटॅक्सा या वर्गीकरणातल्या सर्वांत मोठ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टरच, म्हणजे उद्धरणांवरून नियतकालिकाचं वजन मोजणारा आकडाच, काढून टाकला होता. जगभरातल्या अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर तो पूर्ववत झाला. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्गीकरणासोबत त्याच प्राण्याचं वर्तन किंवा परिसंस्थेतलं काम करायला लावते: कधी बाहेर येतो, काय खातो, पिल्लं किती दिवस आईजवळ राहतात. प्राणी तोच, जागा तीच, पण निबंध दोन प्रकारच्या नियतकालिकांत जाऊ शकतात. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र चार हात लांब राहा. यूजीसीने आपली केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे कोणतं नियतकालिक दर्जेदार हे ओळखायची जबाबदारी आता आपल्यावर आहे. सोपी कसोटी अशी की तुमच्या प्राणिगटातले जाणकार लोक आपले निबंध जिथे देतात, तिथेच द्या.

गाईड निवडताना मोठं नाव पाहू नका. गेल्या पाच-सात वर्षांत त्यांच्याकडून किती विद्यार्थी पूर्ण होऊन बाहेर पडले आणि आज ते काय करतात, हे विचारा. त्या विद्यार्थ्यांना स्वतः फोन करा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. म्हणजे तरुण गाईडकडे गर्दी कमी आणि वेळ जास्त, हा फायदा असतो. कालावधी किमान ३ वर्षं, कमाल ६, त्यानंतर २ वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते, आणि स्त्रियांना आणखी २ वर्षं. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांची रजा आहे. हे घरच्यांना जरूर सांगा, कारण लग्न आणि पीएच.डी. एकत्र जमणार नाही या भीतीने मुलींची नावनोंदणीच होत नाही. जेआरएफ नाही मिळालं तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. ज्या त्या समाजघटकासाठी ज्या त्या संस्थेची जाहिरात निघते, तिच्यावर डोळा ठेवा.

आता मधल्या वर्षांबद्दल. पीएच.डी. हातात येते तेव्हा वय साधारण अठ्ठावीस-तीस. त्या वेळी तुमच्या प्रवर्गाची, तुमच्या विषयाची जागा निघालेली असेलच असं नाही. राज्यात भरती वर्षानुवर्षं थांबते, मग एकदम थोड्या जागांना मंजुरी येते, मग बिंदुनामावलीची तपासणी, मग जाहिरात, मग कुणी न्यायालयात जातं. तोवर सीएचबी. तासाप्रमाणे पैसे, तेही शैक्षणिक वर्ष चालू असेल तेवढ्याच महिन्यांचे, सुट्टीत काही नाही, आणि मानधन हातात पडेपर्यंत सत्र संपलेलं असतं. नेमणूक दरवर्षी नव्याने. वर्गात तुम्ही कायमच्या शिक्षकाइतकंच शिकवता आणि बसची पासही परवडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय आणि त्याचा मला आजही राग येतो. शिकवणाऱ्याला असं वागवणाऱ्या व्यवस्थेला चांगले शिक्षक मिळत राहतील अशी अपेक्षा ठेवायचा अधिकार नाही.

म्हणून या काळासाठी आधीच एक मुदत ठरवा. घरच्यांसोबत बसून, मोकळेपणाने. चार वर्षं म्हणा, पाच म्हणा. त्यातला काही काळ सीएचबीवर घालवा, कारण शिकवण्याचा हात त्यातून बसतो. पण सगळा नको. झेडएसआय, बीएनएचएस, वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, आयसर, एनसीबीएस अशा संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत संशोधन सहायकाच्या जागा निघतात. त्या तात्पुरत्या असल्या तरी महिन्याला ठरलेलं मानधन असतं आणि चांगल्या प्रयोगशाळेत हात चालतो. परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम, मिळालं तर जरूर जा. आणि या सगळ्या काळात आपली एक जागा सोडू नका. माझ्याकडे एसटीने जाऊन-येऊन होईल असा एकच ओढा होता. सीएचबीच्या काळात पगार नव्हता, विभाग नव्हता, पण त्या ओढ्यातल्या खेकड्यांची वही चालू राहिली. मुलाखतीत समितीतल्या तज्ज्ञांनी माझ्या पीएच.डी.बद्दल फारसं विचारलंच नाही. त्यांनी त्या वहीबद्दल विचारलं, कारण इतका सलग हंगामी तपशील दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

नेमणुकीसाठी पैसे मागितले जातात, हे तुम्ही ऐकलं असेलच. मागितले जातात. माझं मत स्पष्ट आहे: कर्ज काढून, जमीन विकून जागा घेऊ नका. सगळ्या संस्था तशा नाहीत, आणि विद्यापीठातल्या, सरकारी कॉलेजांतल्या, दुसऱ्या राज्यांतल्या, केंद्रीय विद्यापीठांतल्या जागांसाठी अर्ज करत राहा. पैसे देऊन घेतलेल्या जागेवर बसलेल्या माणसाला संस्थेपुढे नाही म्हणता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय.

एकदा कायम झालात की गणित सोपं होतं. सहायक प्राध्यापक लेव्हल १० वर, मूळ वेतन ५७,७०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पीएच.डी. घेऊनच लागलात तर ४ वर्षांनी पुढची पायरी, मग ५, मग ३ वर्षांनी सहयोगी प्राध्यापक (१,३१,४०० पासून), आणि आणखी ३ वर्षांनी प्राध्यापक (१,४४,२०० पासून). म्हणजे सगळं वेळेवर झालं तर १५ वर्षं. वेळेवर होत नाही, कारण कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल टेबलावरून टेबलावर फिरते. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स मुदतीत करा आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जपा. राज्यात निवृत्ती ६० व्या वर्षी, केंद्रीय विद्यापीठांत ६५ व्या. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे बचतीचा विचार पहिल्या पगारापासून करा.

आणि रोजचं आयुष्य? नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. त्याखेरीज कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायची माहिती, अभ्यास मंडळाच्या बैठका, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदलणारा अभ्यासक्रम, पेपर काढणं, कॅप सेंटरवर उत्तरपत्रिका तपासणं, प्रवेश समिती. सत्राच्या शेवटी सलग दहा मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लावायला मिळत नाहीत. संशोधनाची वेळ वेळापत्रकात कुणी लिहून देत नाही. मी सकाळचे दोन तास, विभागाचं ऑफिस उघडण्याआधीचे, त्यासाठी राखून ठेवते.

पण या नोकरीतला माझा सर्वांत आवडता भाग प्रॅक्टिकलचा आहे. आम्ही शिकलो तेव्हा मेणाच्या ट्रेमध्ये झुरळ, बेडूक, मुशी मासा फाडून चेतासंस्था दाखवायची आणि भागांची नावं दाखवायला छोटे झेंडे लावायचे. यूजीसीने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर दोन्हींकडे ते थांबवलं. अनेक विभागांत त्याच्या जागी भिंतीवरचे तक्ते आणि संगणकावरची चित्रं आली, आणि मुलं जिवंत प्राणी न पाहताच एम.एस्सी. होऊ लागली. तसं होण्याची गरज नव्हती. आम्ही विद्यापीठाच्या आवारातल्या तळ्यातून बारीक जाळीने पाणी गाळून आणतो. काचपट्टीवर एक थेंब, त्यात डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला इवलासा प्राणी. अंग काचेसारखं आरपार, पाठीकडे हृदय धडधडताना दिसतं, आतड्यात हिरवं शेवाळ सरकताना दिसतं, एखादीच्या पाठीवरच्या पिशवीत पिल्लं हलत असतात. बर्फाच्या पाण्याने काचपट्टी गार केली की ठोके मंदावतात, मुलं घड्याळ लावून मोजतात, आणि तापमानाचा शरीरक्रियेवरचा परिणाम त्यांना आयुष्यभर विसरता येत नाही. मग ते पाणी परत तळ्यात. खेड्यातून आलेली मुलं या तासाला खुलतात, कारण ओढा आणि तळं त्यांच्या माहितीचं असतं आणि शहरी मुलांना तेच दाखवून देतात.

फील्डबद्दल मुलींना घरून अडवलं जातं, तुम्हालाही अडवतील. रात्रीचं काम असतं, हे खरं आहे. मी नेहमी गटाने जाते, सरपंचांना आणि वनरक्षकांना आधी कळवते, मुक्काम गावातल्या एखाद्या घरी ठेवते आणि विद्यार्थिनींच्या पालकांशी स्वतः बोलते. एकदा आई-वडिलांनी ती जागा आणि ते घर पाहिलं की विरोध बराच मावळतो. गाईड निवडताना फील्डवर मुलींची सोय ते कशी करतात हेही विचारा. उत्तर देताना ते अडखळले तर दुसरा गाईड पाहा.

तुमच्या हातात आत्ता शेवटच्या सत्राचा संशोधन प्रकल्प आहे. तो तुमच्या गावाच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला घ्या. नदीतले शंख-शिंपले, बांधावरचे कोळी, शेततळ्यातले बेडूक, गांडुळं, काहीही, पण एकच गट आणि एकच जागा. तो करताना जून-डिसेंबरच्या नेटचे अर्जही भरा. त्या गटात काम करणारी दोन-तीन माणसं शोधा, त्यांचे निबंध वाचा आणि मग त्यांना मेल करा. मेलमध्ये आपली मार्कशीट लावू नका, आपण पाहिलेल्या प्राण्याबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. अशा मेलला उत्तर येतं, मी स्वतः प्रत्येकाला देते.

तुमचा तालुका, तिथलं जवळचं पाणी किंवा डोंगर, आणि घरून किती वर्षं सवड मिळेल, हे खाली लिहा. त्यावरून कोणता प्राणिगट तुमच्या आवाक्यातला आहे आणि त्यासाठी कोणत्या विभागाकडे पाहावं, हे मला जास्त नेमकं सांगता येईल.